मुंगसाच्या छताला झडप

९ जानेवारी

प्रिय पेन्सिल,

तुझी लेक सुखरूप पोचली. काल दुपारी मोठ्या ट्रकच्या पाठीवरून मुंगूस उतरवलं. ताडपत्री ओढली तशी चाचणी मैदानावरचे सगळे मेकॅनिक हातातलं काम टाकून धावले. म्हणाले, चिलखती गाडी आणि एवढी सडपातळ? मी म्हटलं, जिने काढली तीही तशीच आहे, हातात पेन्सिल धरली तर दोघींत फरक कळत नाही. हसले सगळे. मीही हसले, तोंडदेखलं.

फोन इथे फाटकावर काढून घेतात, म्हणून खात्याच्या टपालाच्या थैलीतून हे पत्र धाडतेय. सरकारी थैलीत घरगुती कागद घातला म्हणून कोणी विचारलंच, तर सांगेन गाडीबद्दलच आहे. खोटं नाही ते.

गाडी मी सगळीकडून फिरून पाहिली. पोटाचा पत्रा होडीच्या तळासारखा दुमडला आहेस, म्हणजे खाली सुरुंग फुटला तर धक्का दोन्ही बाजूंनी निसटून जाईल. हे चांगलं आहे. इतकं चांगलं आहे की मला जेवण गेलं नाही. माझ्या गाडीचा आराखडा, कासव, निवड समितीपुढे तुझ्या मुंगसाबरोबरच ठेवला होता. साहेब म्हणाले, "जड आहे, निरोप्याची आणि जखमींची गाडी धावली पाहिजे." गोष्टीत कासव जिंकतं, आपल्या खात्यात नाही. मला बढती म्हणून या माळावर पाठवलं, आणि आता तुझ्या गाडीची परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडेच आलं. दैव थट्टा करतं ती अशी.

तुला पट्टी धरायला मी शिकवलं. घरी मी आणलं, माझ्या भावाच्या शेजारच्या खुर्चीवरही मीच बसवलं. तू आधी भाऊ नेलास, मग गाडी. मी आपली हात चोळत बसले.

ढब्बूचं विचारशील. ठणठणीत आहे. चाचणीला मुंगूस तोच चालवणार हे कळल्यापासून जमिनीवर नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा सांगून आला, "ही माझ्या बायकोने काढलेली गाडी." मी इतकी वर्षं गाड्या काढतेय, माझ्याबद्दल त्याने कुठल्या पहारेकऱ्याला काही सांगितल्याचं माझ्या तरी कानावर नाही. जेवायला माझ्याकडेच असतो. काल वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.

तुझी नणंद


१८ जानेवारी

ताईंना नमस्कार.

पत्र मिळालं. कौतुक आणि चिमटे एकाच पाकिटात आले, वेगळे करायला वेळ लागला.

पहिली गोष्ट, त्याला वांगं आवडत नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने मला तसं सांगितलं, त्यामुळे आमच्या घरात वांगं येतच नाही. तुमच्या भिडेखातर खात असेल. दुसरी गोष्ट, त्याला ढब्बू म्हणू नका. मोठा माणूस आहे तो, खांद्यावर पट्ट्या आहेत त्याच्या.

समितीचं म्हणाल, तर मी तुमचं काही ओढून घेतलेलं नाही. दोन्ही आराखडे टेबलावर होते, नावं झाकलेली होती. कासव कोणाचं ते मला माहीत होतं, कारण कोपऱ्यातल्या रेषा तुम्ही मला शिकवल्या तशाच होत्या. ते जिंकू नये म्हणून मी मनातल्या मनात किती विनवण्या केल्या, ते आता लपवत नाही. तुमच्या हाताखालची पोरगी म्हणून किती दिवस राहायचं?

दारं पाहिलीत का? ती माझी आवडती. चिलखताचं दार म्हणजे भिंत, वर वीटभर जाडीची काच. तरी बिजागऱ्या अशा बसवल्यात की एका हाताने लोटलं की उघडतं. इथे कारखान्यात साहेबांच्या नातीने उघडून दाखवलं, टाळ्या पडल्या. त्यानेही लिहिलंय, दार दोन बोटांनी उघडतं. तो माझ्याशी खोटं बोलत नाही.

त्याला म्हणावं पत्रं जरा मोठी लिही. मला चार ओळी येतात आणि तुमच्या टेबलावर तो तासभर गप्पा मारत बसतो असं ऐकते.

तुमची भावजय


३ फेब्रुवारी

प्रिय पेन्सिल,

वांग्याचा निकाल लावायचा तर त्याला विचार, मला नको. पण एक सांगते. लहानपणापासून तो ज्याच्या ताटावर बसेल त्याचं गोड मानतो. आईने खारट केलं तर खारट आवडतं, मी अळणी केलं तर अळणी. समोरच्याचं मन मोडवत नाही त्याच्याने. हा गुण आहे असं तुला वाटत असेल. मलाही वाटायचं.

आता कामाचं, आणि हे नीट वाच. परवा तो जेवायला आला तेव्हा डाव्या हाताने जेवत होता. सदऱ्याखाली काय आहे विचारलं तर हसण्यावारी नेलं. मी मोठी बहीण आहे, सदरा उतरवायला लावला. उजवा खांदा काळानिळा, पार मानेपर्यंत. पुष्कळ खोदल्यावर एवढंच म्हणाला, "गाडी उताराला तिरकी उभी असली की दार जरा जड जातं." जरा! तुझं दार कारखान्याच्या सपाट फरशीवर दोन बोटांनी उघडतं, कारण तिथे त्याचं वजन बिजागरी उचलते. गाडी कुशीवर कलली की वरच्या बाजूचं दार सरळ आभाळाकडे ढकलावं लागतं, आणि तेव्हा बिजागरी तुझ्या मदतीला येत नाही. तो सांड आहे, खांदा लावून उघडतो. जखमी माणूस काय लावेल?

आणि खालचं दार खड्ड्याच्या मातीला टेकलेलं असणार. मागे जखमींचा आणि सामानाचा कप्पा, मध्ये तुझी चिलखती भिंत. मग वाट कुठे?

छताला झडप दे. गाडी आडवी पडली की छत भिंतीसारखं उभं राहतं, झडप म्हणजे खिडकी होते, माणूस रांगत बाहेर येतो. कापायची तयारी माझी इथे आहे. पण आराखडा जिचा तिची बदलाच्या कागदावर सही आल्याशिवाय इथे पत्र्याला करवत लागत नाही, हा आपला नियम तुला ठाऊक आहे. सही पाठव.

तुझी नणंद


१४ फेब्रुवारी

ताई,

पत्र दोनदा वाचलं, मग कपाटात टाकलं, मग परत काढलं. राग गेला नाही म्हणून तसाच लिहिते.

छताला झडप! कासवाच्या पाठीवर काय होतं, ते मी विसरले असं वाटलं तुम्हाला? तीच झडप, गोल, मागच्या कडेला बिजागरी. समितीने कासव नाकारलं, म्हणून आता त्याची पाठ कापून माझ्या मुंगसाला चिकटवायची. उद्या म्हणाल चाकंही कासवाचीच बरी. ताई, आपला तो बाब्या हे ठीक आहे, पण माझं ते कार्टं कशाला?

माझं छत एकसंध पत्र्याचं आहे. त्यात भोक पाडलं की कडेला पट्ट्या आल्या, चौकट आली, झाकण आलं, आणि हलकी म्हणून निवडलेली गाडी जड झाली. मग साहेब म्हणणार, एवढंच करायचं होतं तर कासव काय वाईट होतं? तुम्हाला तेच ऐकायचं आहे.

खांद्याचं मी त्याला विचारलं. त्याचं उत्तर समोर आहे: "गॅरेजच्या पायरीवर घसरलो, ताई उगाच काळजी करते. तुझं दार झकास आहे." आता मी नवऱ्याचं ऐकू की त्याच्या बहिणीचं, जिला माझी गाडी पाहून जेवण जात नाही असं तिनेच लिहून दिलंय?

आणि त्याचा सदरा उतरवून खांदा तपासायला तुम्ही तिथे आहात, मी नाही, हेही मला लागलं. लागलं म्हणजे लागलं.

सही मिळणार नाही.

भावजय


२३ फेब्रुवारी

पेन्सिल,

मी जळते. घे, लिहून देते पुन्हा, हवं तर खाली शिक्का मारते. मुंगूस चढणीला सुसाट जातं तेव्हा माझ्या पोटात दुखतं. वाळूत रुतलं नाही तेव्हा दुखलं. सगळी चाकं पाण्यात असताना इंजिन बंद पडलं नाही, तेव्हा तर घरी जाऊन भांडी आपटली. तुझ्या गाडीचे गुण माझ्याइतके कोणी मोजले नसतील, कारण प्रत्येक गुण मला टोचतो.

पण म्हणूनच माझं ऐक. प्रेमाने बघणाऱ्याला तुझ्या दारात खोट दिसणार नाही, त्याला ती बघायचीच नाही. मी रोज खोट शोधायला जाते. पंधरा ठिकाणी हात मारला, काही सापडलं नाही. ही एक सापडली. सापडली तेव्हा मला आनंद झाला, आणि मग आत कोण बसतो ते आठवलं.

पायरीवर घसरला म्हणतो. गॅरेजला पायरी नाही. कधीच नव्हती.

वीस मार्चला आडव्या उताराची फेरी आहे. कडेला खड्डा, माती भुसभुशीत, गाडी कुशीवर कलवत न्यायची. मी साहेबांना म्हटलं, दाराचा निकाल लागेपर्यंत थांबा. ते हसून म्हणाले, "बाई, तुमचं कासव हरलं ते आम्ही समजू शकतो." म्हणजे बघ, माझी किंमत इथेही तुझ्यासारखीच करतात. ढब्बूला सांगितलं, तू जाऊ नकोस. तो म्हणतो, "दुसरा ड्रायव्हर बसवला तर लोक म्हणतील नवऱ्याचाच गाडीवर विश्वास नाही." तुझ्या नावाला बट्टा नको म्हणून तो बसणार.

इथे गाडी कलवायचा लोखंडी ओटा आहे. एका बाजूने वर उचलतो, हवा तेवढा कल देता येतो. ये आणि स्वतः आत बस. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, त्याच्यावरही ठेवू नकोस. तुझ्या दाराला विचार.

नणंद


१२ मार्च

ताई,

काल परत पोचले. तिथे आपण धड बोललो नाही. तुम्ही ओट्याच्या बाहेर उभ्या होतात, म्हणून आत काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. सांगते.

पण त्याआधी मैदानावरच्या खानावळीतलं सांगते. मी न कळवता आले ते दार तपासायला, असं तुम्हाला वाटलं. अर्धंच खरं. मला बघायचं होतं तुम्ही दोघं कसे बसता. दारातून दिसलं, तो तोंडात घास असताना हसत होता, आणि तुम्ही त्याच्या ताटातलं उचलून खात होतात. ताटात वांगं होतं. कुठल्या तरी बोक्याची गोष्ट सांगत होता, तुमच्या लहानपणची. मला त्याने ती कधी सांगितलेली नाही. मी बाहेरच उभी राहिले, मग हात धुतले आणि आताच आल्यासारखी आत आले.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर जायचा हट्ट धरला, तो दारासाठी नव्हता. तुम्हाला खोटं पाडायचं होतं, त्याच्यासमोर.

ओटा वर जायला लागला. मी पट्ट्यात लटकले. खालच्या दाराला तुम्ही लाकडी ओंडके लावले होते, खड्ड्याची माती म्हणून. मी वरच्या दाराला हात लावला, माझ्या लाडक्या दाराला, आणि ते हललंच नाही. दोन्ही हात लावले. पाय गाडीच्या मधल्या खांबाला रोवून, पाठ सीटला टेकवून ढकललं. मूठभर उघडलं आणि परत आदळलं. बोटं वेळेवर काढली म्हणून आज लिहू शकतेय. तुम्ही बाहेरून ओरडलात, "उघडू का?" मी "नको" म्हणाले. चार वेळा ढकललं आणि चारही वेळा "नको" म्हणाले. मग रडू आलं. ती वीटभर जाड काच मीच निवडली होती, तिच्यातून रडणं दिसू नये म्हणून तोंड दुसरीकडे केलं.

मग तो वर चढला. बाहेरून दोन्ही हातांनी दार ओढून उघडलं आणि हसत म्हणाला, "बघ, उघडतं की!"

ताई, मला तुमचा राग करायची सवय झाली होती. त्या क्षणी पहिल्यांदा त्याचा आला. बाहेर येताना आधारासाठी म्हणून त्याच्या खांद्यावर हात टाकला, तो कळवळला आणि तरी हसतच राहिला. माझ्या चुकीपायी तो खांदा फोडून घेत होता आणि मला झकास म्हणून लिहीत होता. असल्या मायेचं मी काय करू? त्यापेक्षा तुमचा मत्सर परवडला.

सगळ्यांसमोर मी म्हटलं, "छताला झडप बसवायची आहे." माझ्या तोंडून ते निघालं तेव्हा त्याने माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की मी पुढचं वाक्य बोललेच नाही. पुढचं वाक्य होतं, ही ताईंची सूचना. तुम्ही शेजारीच होतात. ऐकलंत की मी बोलले नाही.

बदलाच्या कागदावर सही करून सोबत पाठवतेय. ‘सूचना कोणाची’ ही जागा कोरी आहे. माझं नाव घालणं म्हणजे चोरी. तुमचं घालायला पेन टेकवलं, पण हात वळला नाही. इतकं करून मुंगूस अर्धं तुमचं होणार, हे मला अजून सोसत नाही. तुम्हीच भरा. काय भराल त्यावर मी बोलणार नाही.

वीसच्या आत कापून होईल ना? तेवढं कळवा.

पेन्सिल


२१ मार्च

पेन्सिल,

झालं. अठराला झडप बसली. झडपेचं वाढलेलं वजन भरून काढायला मागच्या कप्प्यातले लोखंडी बाक काढले आणि कापडी घातले, गाडी आहे तेवढीच हलकी राहिली. साहेबांना बोलायला जागा नाही.

कालची फेरी. तुला घाबरवायचं नाही, म्हणून आधीच सांगते, तो माझ्यासमोर बसून चहा पितोय आणि मी भलतंच काही लिहीत असल्याचं दाखवतेय.

पहिल्या दोन खेपा ठीक गेल्या. तिसऱ्या खेपेला कडेची माती खचली. मुंगूस घसरलं, सावकाश, मला वाटलं थांबेल, आणि मग खड्ड्यात कुशीवर पडलं. ड्रायव्हरची बाजू खाली. त्याचं दार मातीत, दुसरं दार थेट आभाळाकडे. मी धावत सुटले. या वयात मी एवढी धावू शकते हे मला ठाऊक नव्हतं. इंजिनाचा धूर येत होता आणि आतून काही आवाज नाही. त्या खांद्याने तो ते दार उचलू शकला नसता. हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

मी पोचायच्या आत छताची झडप उघडली. आधी हेल्मेट बाहेर फेकलं, मग दोन हात आले, मग तो स्वतः, धुळीने पांढरा. रांगत बाहेर आला, उभा राहिला. मी त्याला धरलं, चाचपलं, शिव्या घातल्या. तो माझ्या खांद्यावरून गाडीकडे बघत होता, डोळे भरून. म्हणाला, "बघितलंस ताई? हिने कशाकशाचा विचार केलाय! छतातून वाट ठेवायचं दुसऱ्या कोणाच्या डोक्यात तरी आलं असतं का?"

ड्रायव्हरांना नाकारलेले आराखडे दाखवत नाहीत. कासवाच्या पाठीवर काय होतं ते त्याला माहीत नाही. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि आयुष्यात एकदा त्याने माझ्याकडे तसं पाहिलं असतं, जसं तो तुझ्या त्या पडलेल्या गाडीकडे बघत होता. तेवढ्यात तो दुखरा खांदा धरून वाकला. मी त्याला खाली बसवलं आणि म्हटलं, "हो रे. हुशार आहे तुझी बायको."

तोंडात निखारा धरल्यासारखं झालं.

कोरी जागा मी भरली. माझं नाव लिहिलं, ठळक अक्षरात, दोनदा गिरवून. मी मोठेपणा दाखवीन असं तुला वाटलं असेल, तर तेवढी मोठी मी नाही. झडप माझी आहे. खात्याला ते कायम माहीत असायला हवं.

ढब्बूला मात्र सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. पुढच्या आठवड्यात त्याला रजा आहे, तो घरी येईल, खांदा सांभाळत तुझ्यासमोर बसेल आणि ती झडप कशी उघडली ते रंगवून सांगेल. गप्प बसून ऐक. ऐकताना घशात काही अडकलं, तर ते माझं आहे. गिळून टाक.

तुझी नणंद